वाटेला कुलूप, दार उघडं



बोलायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. पहिल्या रांगेत खुर्चीच्या पाठीला बांधून एका मुलानं फोन माझ्याकडे रोखलाय. मघाशी चहा पिताना त्याला विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, 'काका, लाइव्ह चालू आहे. गावची पोरं पुण्यात, सुरतेत, दुबईत बघतायत.' आनंद आहे. पण बाबा, आधी सांगायचंस ना! निदान शर्टाचं वरचं बटण लावलं असतं. आणि मी चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायलो, तेही दुबईला गेलं असेल तर गेलंच म्हणायचं.

तुम्ही हसलात, पण आजचा विषय हाच आहे. कोण बघतंय, कुठून बघतंय, आणि ज्याला बघतायत त्याला ते ठाऊक आहे का?

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांच्याबद्दल जुनी माणसं एक गोष्ट सांगतात. गावात पत्र आलं की ते वाचून घ्यायला लोक गुरुजींकडे यायचे. मुंबईला गेलेल्या मुलाचं पत्र, सासरी नांदणाऱ्या लेकीचं पत्र, सावकाराचा तगादा. गुरुजी वाचायचे, सांगतील ते उत्तर लिहून द्यायचे, आणि त्यातलं एक अक्षर पारावर यायचं नाही. गावातल्या निम्म्या घरांची गुपितं त्या माणसाच्या पोटात होती आणि तिथंच राहिली. त्यासाठी काही त्यांनी शपथ घेतली नव्हती.

माझं तसं नाही. मी कबुली देऊनच टाकतो. एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा ट्रंक कॉलचे दिवस होते. साधा कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. एक दोरी या भोकात, दुसरी त्या भोकात, की दोन गावं जोडली गेली. जोडल्यावर चावी सरळ करून आपण बाजूला व्हायचं, असा नियम. चावी तशीच राहिली तर दोन्हीकडचं सगळं ऐकू यायचं. आणि ती राहायची. कधी चुकून राहायची, आणि कधी, आता वयाच्या या टप्प्यावर खोटं कशाला बोलू, राहू दिली जायची. कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या आडत्याचं दिवाळं वाजलं, हे आम्हाला त्यांच्या बायकांच्या आधी कळायचं.

शिवाय पी. पी. कॉल. म्हणजे माणसाचं नाव सांगून बोलावणं. गावात फोन एकच, तोही किराणा दुकानात. निरोप यायचा, अमक्याला बोलवा, दहा मिनिटांनी परत लावतो. मग तो अमका धापा टाकत यायचा आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडून ओरडून आपल्या घरच्या भानगडी सांगायचा. ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकूच जायचं नाही, त्याला तो तरी काय करणार?

त्या दिवसांपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो आजतागायत उठलेला नाही. मधे कोण आहे? दोन माणसं बोलतात, तेव्हा मधे कोण बसलंय?

व्हिडिओ कॉलच्या ॲपवाल्यांनी या प्रश्नाला एक उत्तर दिलं, आणि ते चांगलं उत्तर आहे. आपल्याकडे पोस्टकार्ड होतं आणि आंतरदेशीय पत्र होतं. कार्ड पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी वाचावं. आंतरदेशीय डिंकानं चिकटवलेलं, पण वाफ दिली की उघडायचं. आता अशी कल्पना करा की पत्र लोखंडी पेटीत घातलंय, तिची किल्ली फक्त लिहिणाऱ्याकडे आणि वाचणाऱ्याकडे, पोस्टखात्याकडेसुद्धा नाही. याला एन्क्रिप्शन म्हणतात, टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप. व्हॉट्सॲपनं २०१६ च्या एप्रिलमध्ये ते सगळ्यांना लावलं. माझ्यासारखा ऑपरेटर मधे बसला तरी त्याच्या कानाला नुसती खरखर लागेल. पेटीवरचा पत्ता आणि शिक्का मात्र दिसतो. कुणी कुणाला फोन केला, किती वाजता, किती वेळ बोलले, एवढं कंपनीला कळू शकतं. त्यातूनही पुष्कळ समजतं. एखादी बाई रात्री अकराला डॉक्टरला फोन करते, लगेच भावाला करते, मग वकिलाला करते. काय बोलली ते ऐकायची तुम्हाला गरज पडेल का?

पण कुलूप लावलंय म्हणणं आणि लावणं यात फरक असतो. २०२० चा एप्रिल आठवा. जिल्हाबंदी होती. आपल्या शहागडचा पूल ओलांडला की गोदावरीच्या पलीकडे बीड जिल्हा. एरवी लोक भाजी आणायला इकडून तिकडे जातात, पण तेव्हा पलीकडे दिलेली लेक अलीकडच्या आईला भेटू शकत नव्हती. त्या दिवसांत एका ॲपचं नाव घराघरांत गेलं, झूम. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवरच्या बैठकांत रोज एक कोटी माणसं असायची, मार्च २०२० मध्ये ती वीस कोटी झाली. शाळा झूमवर, कीर्तन झूमवर, बारसं झूमवर, तेरावंसुद्धा झूमवर. आणि १६ एप्रिलला केंद्रीय गृहमंत्रालयानं जाहीर केलं की हे ॲप सुरक्षित नाही. सरकारी कामाला वापरू नका, इतर कुणी वापरलंच तर दरवेळी नवा पासवर्ड घ्या, येणाऱ्याला आधी बाहेरच्या खोलीत थांबवा, आणि सगळे आले की दार लावून घ्या.

म्हणजे आपली आजी जे सांगायची तेच गृहमंत्रालयानं सांगितलं, फक्त परिपत्रक काढून.

घडत काय होतं? बैठकीचा नंबर हाती लागला की कुणीही आत शिरायचं. तिसरीचा वर्ग चाललाय, बाई पाढे म्हणून घेतायत, आणि मधेच एक अनोळखी चेहरा येतो, घाण बोलतो, घाण दाखवतो. जगभर हे इतकं झालं की त्याला झूमबॉम्बिंग असं नावच पडलं. दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. आमचं कुलूप टोकापासून टोकापर्यंत आहे, असं ही कंपनी कित्येक वर्षं सांगत होती. त्याच एप्रिलमध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की किल्ल्या कंपनीच्याच सर्व्हरवर बनतात, आणि उत्तर अमेरिकेतल्या माणसांच्या बैठकीची किल्लीसुद्धा कधी कधी चीनमधल्या सर्व्हरवरून येते. पुढं अमेरिकेच्या व्यापार आयोगानं कंपनीला धारेवर धरलं, आणि २०२१ मध्ये ग्राहकांनी लावलेल्या दाव्यात साडेआठ कोटी डॉलर मोजायची तयारी कंपनीला दाखवावी लागली. खरं कुलूप ऑक्टोबर २०२० मध्ये आलं. तेही आपण होऊन चालू केलं तरच चालू होतं.

तर वाटेवरच्या चोराची गोष्ट इथं थांबवतो. त्या बाबतीत गेल्या दहा वर्षांत खरोखर चांगलं काम झालंय, नावं ठेवायला जागा कमी आहे. माझी काळजी वेगळी आहे. कुलूप वाटेला लागलं, पण दाराचं काय?

दाराचं सांगतो. २०१९ चा जानेवारी. अमेरिकेत ॲरिझोनात चौदा वर्षांचा एक मुलगा खेळायला म्हणून मित्रांना ॲपलच्या फेसटाइमवर एकत्र फोन लावत होता. त्याच्या लक्षात आलं की समोरच्यानं फोन उचललेलाच नाही, पण त्याच्या खोलीतलं बोलणं आपल्याला ऐकू येतंय. न उचललेला फोन, आणि पलीकडे कान लागलेला! त्याच्या आईनं कंपनीला कळवायची बरीच धडपड केली, कुणी दाद घेईना. आठवड्याभरानं बोभाटा झाला तेव्हा कुठं कंपनीनं ती सोय तडकाफडकी बंद केली. जगातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांना जे दिसलं नाही ते एका खेळणाऱ्या पोरानं पकडलं, आणि ते ऐकून घ्यायला आईशिवाय कुणी नव्हतं.

त्याच वर्षी मे महिन्यात व्हॉट्सॲपला कळलं की नुसता कॉल देऊन लोकांच्या फोनमध्ये हेर घुसवला जातोय. कॉल उचलायचीही गरज नाही. नुसती रिंग वाजली, मिस्ड कॉल पडला, काम झालं. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस ते हेच. जगभरातले सुमारे चौदाशे लोक त्यात होते, त्यात आपले पत्रकार, कार्यकर्ते, नागपूरचे वकीलसुद्धा. व्हॉट्सॲपनं दावा लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयानं एनएसओला जबाबदार धरलं. आता यात कुलूप तुटलं का? नाही. वाटेवरचं कुलूप जसंच्या तसं होतं. हेर घराच्या आत, उशाशी येऊन बसला होता. पत्र पेटीतून सुखरूप आलं, तुम्ही उघडलं, आणि खांद्यावरून कुणीतरी वाचलं.

तुम्ही म्हणाल, काका, आम्ही शहागडची साधी माणसं. आमच्यावर पेगासस कोण सोडतंय? खरं आहे. तुमच्यावर कुणी सोडणार नाही, ते फार महाग पडतं. तुमच्यासाठी स्वस्तातली युक्ती आहे, तिच्याकडे येतोच. पण त्याआधी घराबद्दल थोडं बोलू द्या.

जुना वाडा कसा असायचा? अनोळखी माणूस अंगणात उभा. ओळखीचा असला तर ओसरीवर. चार गोष्टी बोलायच्या तर ढाळजेत, तक्क्याला टेकून. माजघरात घरचीच माणसं. देवघरात सोवळ्यातली. कोण कुठवर येणार हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण दहा वर्षांच्या पोरालाही ते कळायचं. यात अन्यायही होता, तो विसरू नका. गावातल्या काही माणसांना अंगणाच्या आत पायच टाकू दिला नाही, आणि माजघरातल्या बायकांना बाहेर. त्या वाड्याचे गोडवे गायला मी इथं आलेलो नाही. मला एवढंच म्हणायचंय की परक्या नजरेसाठी घराला पायऱ्या होत्या. शिकलेले लोक म्हणतात, प्रायव्हसीला मराठीत शब्दच नाही, ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना. नाही कसा? आडोसा म्हणजे काय मग? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आमच्या बायाबापड्यांना तो हक्क आडोसा या नावानं आधीपासून ठाऊक होता. मिळत नव्हता, हे वेगळं.

व्हिडिओ कॉलनं काय केलं? सगळ्या पायऱ्या काढून टाकल्या. बटण दाबलं की समोरचा माणूस थेट माजघरात. आठवतं का, टाळेबंदीत पोरगं फोनसमोर शाळेला बसलंय आणि मागून आई स्वयंपाकघरात जाते? कशी जायची ती? कंबरेत वाकून, पदर सावरत, कॅमेऱ्याच्या खालून. आपल्याच घरात चोरासारखी वाकून चालणारी बाई मी घरोघर पाहिली. तिला एन्क्रिप्शन हा शब्द ठाऊक नव्हता, पण अडचण नेमकी कळली होती.

आणि आपल्या भागातली ऊसतोडीला जाणारी माणसं. अंबड, घनसावंगी, पलीकडे गेवराई, दिवाळी झाली की गावंच्या गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पोरं इथं आजीपाशी. त्या पोरांना आईचं तोंड रोज दिसतं ते व्हिडिओ कॉलमुळं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या यंत्राला मी शिव्या देत नाही, त्याचं कारण हेच. पण त्या फडावरच्या एका बाईनं मला काय सांगितलं ते ऐका. म्हणाली, 'कोपीला दार नसतंय, न्हाणीला साडीचा आडोसा. कुणाचा बी फोन वाजला की आम्ही आधी वरडतो, व्हिडिओ हाय गं, व्हिडिओ हाय! मग ज्या बाया न्हात असत्याल त्या खाली बसत्यात.' सायबर सुरक्षेवर मी पुष्कळ ऐकलंय, पण यापेक्षा नेमकी सूचना ऐकली नाही. कॅमेरा एकाच्या हातात असतो, पण त्यात दिसतात दहाजणी. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आणि पलीकडचा स्क्रीन टिपून ठेवतोय का, ते अलीकडे कळायला मार्ग नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात इथून जवळच, अंतरवाली सराटीवर, रात्री ड्रोन फिरतायत अशी बातमी आली. विधानसभेपर्यंत गेली. आसपासच्या गावांतली माणसं गच्चीवर बॅटऱ्या घेऊन आभाळाकडे बघत जागली. मी म्हणतो, बरोबर जागली, परक्याचा डोळा आपल्या अंगणावर का म्हणून? पण मौज बघा, त्याच गच्चीवर प्रत्येकाच्या हातात एकेक कॅमेरा होता, आणि त्याच्यातून कोण बघतंय याची चिंता कुणी करत नव्हतं.

आता ती स्वस्तातली युक्ती.

२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर याच शहागडात पतसंस्थेच्या शाखेत पिस्तुलं घेऊन दरोडेखोर शिरले होते. तुमच्यापैकी अनेकांना तो दिवस आठवत असेल. त्या दरोडेखोरांना बिचाऱ्यांना इथवर यावं लागलं, तोंडं लपवावी लागली, पळावं लागलं. नव्या दरोडेखोराला यातलं काही करावं लागत नाही. तो तोंड लपवत नाही, उलट दाखवतो. वर्दी घालून, मागं भिंतीवर बोधचिन्ह लावून, टेबलावर झेंडा ठेवून तुम्हाला व्हिडिओ कॉल करतो आणि म्हणतो, तुम्ही अटकेत आहात. डिजिटल अरेस्ट.

हे सगळं व्हिडिओ कॉलवरच का चालतं? नुसत्या आवाजावर का नाही? कारण डोळ्यांनी पाहिलं ते खरं, ही आपली हाडीमाशी मुरलेली समजूत. आणि त्यात एक गंमत आहे, कडू गंमत. न्यायालयाचं काम व्हिडिओवर चालू शकतं, हे या देशात ठरलं तेच मुळी महाराष्ट्रातल्या खटल्यात. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई, एप्रिल २००३. अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष मुंबईतल्या कोर्टानं पडद्यावर घेतली तर चालेल का, असा वाद होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चालेल. समोर असणं म्हणजे देहानंच समोर असणं नव्हे. निकाल चांगलाच होता. पुढं करोनात त्यामुळं कोर्टं चालली. पण लोकांच्या मनात एकदा बसलं की न्यायाधीश फोनमध्ये दिसू शकतो, मग खोटा न्यायाधीश दिसायला काय वेळ? २०२४ च्या ऑगस्टमध्ये लुधियानाच्या एका नामवंत वस्त्रोद्योगपतीसमोर स्काईपवर चक्क सर्वोच्च न्यायालय भरवलं गेलं. न्यायासनावर कोण म्हणून सांगितलं? सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. खासगीपणाच्या त्या निकालातलं सगळ्यात मोठं निकालपत्र ज्यांनी लिहिलं, त्यांचंच नाव वापरून एका म्हाताऱ्या माणसाच्या घरात घुसखोरी. सात कोटी गेले.

आपल्याकडे मुंबईत ८६ वर्षांच्या एका आजींचे वीस कोटींवर गेले, आणि २०२५ मध्ये ७२ वर्षांच्या एका व्यावसायिकाचे ५८ कोटी. पैसा फार होता म्हणून बातमी झाली. ज्यांचे चार लाख जातात, कापसाचे नाहीतर मोसंबीचे, त्यांची बातमी होत नाही. ते घरातही सांगत नाहीत. सरकारनं ३,९६२ स्काईप आयडी आणि ८३,६६८ व्हॉट्सॲप खाती बंद केली. स्काईपचं दुकान तर २०२५ च्या मे महिन्यात कायमचंच मिटलं. चोर दुसऱ्या ॲपवर गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी याच स्काईपवरून झेडपीच्या पोरांना देशोदेशीच्या वर्गांत नेलं होतं, हेही लक्षात असू द्या. यंत्राला काय, जो चालवेल त्याचं.

हे फोन करणारे तरी कोण? पुष्कळसे कंबोडिया, म्यानमारमधल्या कुंपणाआड बसलेले, आणि त्यातही आपलीच मुलं असतात. परदेशात नोकरी म्हणून नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरनं म्यानमारमधून साठाहून जास्त भारतीयांना सोडवलं. तुमच्या आईला धमकावणारा मुलगा कुणाच्यातरी आईचा हरवलेला मुलगा असू शकतो.

माझ्या थोरल्या बहिणीचं सांगतो. निवृत्त शिक्षिका. आक्का आणि दाजी दोघंच राहतात, दाजींना अर्धांगवायू झालेला, खाट माजघरात. एके सकाळी फोन. तुमच्या नावाचं पार्सल विमानतळावर पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, तुमचं आधार कार्ड वापरलंय. आक्का म्हणाली, मी काही पाठवलं नाही. तेव्हा तो आवाज मऊ झाला. 'मॅडम, आमचीही खात्री आहे की तुम्ही निर्दोष आहात. म्हणूनच साहेब तुमच्याशी व्हिडिओवर बोलतील.' साहेब आले. खांद्यावर तारे, छातीवर नावाची पट्टी, मागे फायलींचं कपाट. आक्का छत्तीस वर्षं मुलांना खोटं बोलताना पकडत आली, पण वर्दी समोर आल्यावर उठून उभी राहिली. हो, स्वतःच्या घरात, फोनसमोर, उभी राहिली.

साहेबांनी पहिला हुकूम काय सोडला? 'घरात आणखी कोण आहे? कॅमेरा फिरवा.' आक्कानं फिरवला. स्वयंपाकघर दाखवलं, ओट्यावरची अर्धवट निवडलेली मेथीची भाजी दाखवली, देवघर दाखवलं, कपाट दाखवलं, आणि खाटेवरचे दाजी दाखवले. त्यांची चादर तेव्हा बदलायची होती. दुसरा हुकूम, फोन बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, हे राष्ट्रीय गुपित आहे. तिसरा, फडक्यात बांधून ठेवलेल्या ठेवीच्या पावत्या घेऊन या. तीन तास हे चाललं. मग आपल्या भागाची कृपा झाली, रेंज गेली. एरवी रेंज गेली की आपण कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. त्या दिवशी ती गेली आणि तेवढ्यात दूधवाली आली. तिनं विचारलं, 'बाई, रडताय कामून?' आक्कानं सांगितलं. दूधवाली म्हणाली, 'पोलीस असतेत तर दारात येतेत की. आमच्याकडं तर तसंच येतेत.'

कायदा याहून वेगळं काही सांगत नाही. अटक करायची तर पोलिसाला तुमच्या अंगाला हात लावावा लागतो किंवा तुम्हाला अडवून धरावं लागतं. तुम्ही शब्दानं वा कृतीनं आपण होऊन स्वाधीन झालात तर गोष्ट वेगळी, पण स्वाधीन व्हायलाही समोर माणूस लागतो. कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. बाईला तर सूर्य मावळल्यावर, अगदीच अपवाद सोडला तर, अटक करता येत नाही. अटकेआधी हजर राहा म्हणून जी नोटीस द्यायची तीही व्हॉट्सॲपवर पाठवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं की डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाहीच. पुढं अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ ला अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. सगळं झालं. अमिताभ बच्चनची ती कॉलरट्यूनसुद्धा झाली, आपण कंटाळून ऐकायचं सोडेपर्यंत. तरी आक्का उभी राहिलीच ना?

यापुढं तर डोळ्यांवरही विसंबता येणार नाही. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यानं व्हिडिओ बैठकीत आपले वरिष्ठ अधिकारी पाहिले, सहकारी पाहिले, आणि त्यांच्या सांगण्यावरून अडीच कोटी डॉलर पाठवले. बैठकीत तो सोडून बाकी सगळे चेहरे बनावट होते. २०२३ मध्ये केरळात कोझिकोडला एका निवृत्त माणसाला जुन्या सहकाऱ्याचा चेहरा दाखवून चाळीस हजारांना फसवलं. आणि तरुण पोरांनो, मागं उभे आहात तुम्ही, तुम्हालाही सांगतो. अनोळखी मुलीचा रात्री व्हिडिओ कॉल येतो, तुम्ही उचलता, आणि दोन मिनिटांत तुमचा चेहरा घाणेरड्या चित्रफितीत बसतो. मग धमक्या, पैसे दे. २०२२ मध्ये पुण्यात दोन तरुणांनी याच्या भीतीनं जीव दिला. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी घरात कुणालातरी सांगा. बापाला नको तर मामाला, नाहीतर मास्तरांना. लाज वाटण्यासारखं काम त्या धमकावणाऱ्यानं केलंय, तुम्ही नाही. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. पहिले काही तास सोन्याचे, कारण तोवर पैसा एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढं सरकलेला नसतो.

फोनमध्येही काही कड्या-कोयंडे आहेत. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये अनोळखी नंबरचा आवाज बंद करायची सोय २०२३ पासून आहे. घरच्या म्हाताऱ्यांच्या फोनवर ती आज रात्री लावून द्या, दोन मिनिटांचं काम. स्क्रीन शेअर कर असं कुणी म्हणालं तर करू नका. तुमचा ओटीपी तुम्हाला दिसतो तसा त्यालाही दिसतो. याहून जास्त यादी मी देत नाही, ती पत्रकावर छापून मिळते आणि पत्रकात भजी बांधून मिळतात.

आक्काचे पैसे गेले नाहीत. एक रुपयाही नाही. त्यामुळं सगळे म्हणाले, वाचलीस, काही झालं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा मीही तेच म्हणालो. ती म्हणाली, 'काही झालं नाही कसं? यांना तशा अवस्थेत मी माझ्या जावांनाही कधी बघू दिलं नाही. आणि त्या मेल्याला मी स्वतः फिरून फिरून दाखवलं.'

तिच्या या तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात रकाना नव्हता. गेलेली रक्कम किती, असं विचारतात. शून्य लिहिलं.

गेल्या महिन्यात परत गेलो होतो. दाजी खाटेवर, चादर स्वच्छ, रेडिओ चालू. आक्काचा फोन टेबलावर उभा करून ठेवलेला, आणि त्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या भोकावर, लाल टिकली. मी म्हटलं, हे काय, फोनला सवाष्ण केलंस? ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं पुण्याहून नातीचा फोन आला. आक्कानं खुर्ची फिरवून पाठ भिंतीकडे केली, खाट दिसणार नाही अशी. मग फोनवरची टिकली नखानं काढून आरशाच्या कडेला लावली, आणि म्हणाली, 'बोल गं बाळा.' बोलणं झाल्यावर आरशावरची टिकली काढून फोनला लावली. डिंक सुटत आला होता, म्हणून अंगठ्यानं जरा दाबून धरली.